दोन कॅट, दोन एक्के

काय वहिनी, झोप लागली का रात्री? आमचा आरडाओरडा भिंतीपलीकडे आलाच असेल. अहो, भांडण कसलं, गड्डा झब्बू! आखाजीला ज्या घरात पत्ते निघत नाहीत असं घर खान्देशात दाखवा मला. माणसं तिकडे पैसे लावून बसतात, आम्ही इकडे गाढव व्हायला बसतो.

यंदा लेकी-जावई, धुळ्याची नणंद, अमळनेरच्या मामेसासूबाई धरून तेरा जण झालो. एका कॅटात भागेना, म्हणून दोन मिसळले. 104 पानं, वाट्याला आठ-आठ. त्यातली एक चौकट पंजी कधीचीच हरवलीये, तिच्या जागी जोकरवर पेनाने पंजी लिहून ठेवलीये. तिला मागूनसुद्धा सगळे ओळखतात, पण त्यावरून कोणी भांडत नाही, बघा. भांडण लागलं ते पहिल्याच पानाला.

इस्पिक एक्का ज्याच्याकडे, त्याची उतारी. पण आता एक्के दोन! एक नणंदेकडे, दुसरा धाकट्या जावेकडे. जाऊ उभीच राहिली, ‘मी माझी उतारी देणार नाही!’ झाशीच्या नेवाळकरांची जहागीर होती आपलं हे गाव, तिला काय बोलणार? शेवटी वाटणाऱ्याच्या उजवीकडून जो आधी येईल तो, असं ठरलं.

पुढे बदामाचे दोन्ही एक्के पडले आणि तिसऱ्याने झब्बू हाणला. ढीग उचलायचा कोणी? आमचे पुण्याचे जावई म्हणाले, नंतरचं पान भारी. नणंद म्हणाली, छे, आधीचं भारी. मला विचाराल तर नंतरचंच भारी हवं. आधीचं भारी म्हटलं की दुसरा आपला एक्का त्याच्यामागे फुकटात पळवतो, मग खेळायचं काय राहिलं? पण गंमत ऐका. तासाभराने जावयांचाच एक्का नंतर पडला, तर म्हणतात कसे, ‘आमच्याकडे आधीचंच भारी असतं!’ पुणं तासाभरात बदललं बाई.

शेवटच्या पानावर हात जिंकला तर काय, यावर तर चहा झाला. उतारी त्याची आणि हातात पानच नाही! नणंद म्हणते, सुटला. पोरं म्हणतात, पडलेल्या पानांतून एक ओढायचं. मामेसासूबाई म्हणतात, शेजारच्याच्या हातातून ओढायचं. त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं? मीच.

सासूबाई इतका वेळ कुरडया मोडत ऐकत होत्या. त्यांनी निकाल दिला, ‘जो पानं पिसेल, त्या डावापुरता त्याचा नियम.’ सगळे गप्प. मग लक्षात आलं, पिसायचं काम तर गाढवाचं! म्हणजे जो हरला तोच न्यायाधीश. तिथून पुढे जावईबापू काय खेळले म्हणता! राजा धरून ठेवायचे, ढीग ओढून घ्यायचे. ओळीने गाढव झाले आणि दर डावाला नवा कायदा. पोरगी माझी लाजून आत निघून गेली.

आज जेवणं झाली की या ना. भाऊजींनाही आणा. फक्त तुमच्या घरचा कॅट तेवढा आणू नका.