ट्रॅव्हल्स आली का जी?

संध्याकाळी वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर पिशव्या घेऊन उभी असलेली माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, ‘‘ट्रॅव्हल्स आली का जी?’’ इंग्रजीत या शब्दाचा अर्थ काय असेल तो असो, आमच्याकडे ट्रॅव्हल्स म्हणजे पुण्याला जाणारी खासगी बस. शब्द स्त्रीलिंगी, एकवचनी. ती येते, लागते, सुटते, आणि बहुतेकदा लेट असते. शेवटचा ‘स’ तिच्या अंगाला कुठून चिकटला याची चौकशी कोणी करत नाही.

माझी हयात मराठी-संस्कृत शिकवण्यात गेली. त्यामुळे शब्द भेटला की त्याचं कूळ-गोत्र विचारायची खोड. ट्रॅव्हलचं मूळ पंडित थेट लॅटिनमधल्या ‘त्रिपालियम’पर्यंत नेतात. तीन खुंट जोडून केलेलं, माणसाला छळायचं साधन. त्यावरून फ्रेंचांनी कष्ट करण्याचं क्रियापद केलं आणि इंग्रजांनी त्या कष्टालाच चाकं लावली. पुस्तकात वाचलं तेव्हा मला हे ओढूनताणून आणलेलं वाटलं होतं. मग एकदा मुलाकडे पुण्याला निघालो. वरचा बर्थ, नाकाशी छत, पायाशी कोणाची तरी बॅग, कपाळावर थेंब थेंब एसीचं पाणी आणि असे चौदा तास. बर्थचा कठडा, शिडी आणि शेजाऱ्याचं कोपर असे तीन खुंटही मी मोजले. पहाटे नगरच्या अलीकडे कुठेतरी मला व्युत्पत्ती पटली.

आपल्या प्रवासाचं घराणं निराळं. ‘प्र’ आणि ‘वस्’. वस् म्हणजे राहणं. वस्ती, निवास, रहिवास ही सगळी त्याच घरातली मंडळी. प्रवास म्हणजे घरापासून लांब जाऊन राहणं. त्यात चाक नाही, तिकीट नाही, खिडकीची जागा नाही. जाण्यासाठी संस्कृतात ‘या’ धातू आहे, यात्रा निघाली ती त्यातून. मजल आणि मुक्काम आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेनं आले. प्रवास मात्र मुळातच मुक्कामाचा शब्द, त्याला आपण पुढे कधीतरी गाडीत बसवला. (वास म्हटल्यावर ज्यांना दुसरंच काही आठवलं, त्यांनी रात्रीच्या बसमध्ये सर्वांनी बूट काढल्यानंतरचा तास अनुभवलेला दिसतो.)

हिंदीनं जुना अर्थ जपला. वर्ध्याला हिंदी परकी नाही, राष्ट्रभाषा प्रचार समिती इथे १९३६ पासून आहे. हिंदीत प्रवासी म्हणजे परमुलखात राहणारा. गाडीत बसतो तो यात्री. आपल्याकडे तिकीट काढलं की झाला प्रवासी. २०२० च्या उन्हाळ्यात जाम-हिंगणघाटवरून जाणाऱ्या हैदराबाद-नागपूर रस्त्यानं मजुरांचे जथे पायी उत्तरेकडे चालले होते. हिंदी पेपर त्यांना ‘प्रवासी मजदूर’ म्हणत होते, मराठी पेपर ‘स्थलांतरित’. आपला ‘प्रवासी’ त्यांना लावायचा कसा? गाड्याच बंद होत्या.

जुन्या अर्थानं पाहिलं तर आमच्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा प्रवासी एका मातीच्या कुटीत बसलेला होता. १९३० साली दांडीला निघताना, स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असं गांधीजींनी सांगितलं, आणि १९३६ साली ते आमच्या शेगावला राहायला आले. हे गजानन महाराजांचं शेगाव नव्हे. दोन शेगावांच्या टपालाचा घोटाळा व्हायला लागला, म्हणूनच १९४० साली याचं सेवाग्राम झालं. त्यांना भेटायला लोक देशभरातून गाड्या बदलत यायचे. आज आपण त्या लोकांना प्रवासी म्हणू, कुटीतल्या माणसाला नाही. पवनारच्या विनोबांचं नेमकं उलट. १९५१ साली निघाले ते तेरा वर्षं देशभर चालून १९६४ साली पवनारला परतले. त्याला कोणी ‘पदप्रवास’ म्हटलं नाही, पदयात्रा म्हटलं. विनोबांच्या ते लक्षात आलं असणारच. शब्दांची फोड करण्यात ते आम्हा मास्तरांचे गुरू.

वस् धातूचं आणखी एक अवघड अपत्य आहे, प्रोषितभर्तृका. जिचा नवरा परगावी राहतो अशी नायिका. वर्गात मी उदाहरण शकुंतलेचं द्यायचो आणि मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, ‘‘सर, पुलगाव-आर्वीवाली का?’’ कापूस वाहण्यासाठी १९१७ च्या सुमारास टाकलेली ती पस्तीस किलोमीटरची नॅरोगेज. तिलाही लोक शकुंतलाच म्हणत. कालिदासाची शकुंतला नवऱ्याच्या विचारात इतकी गढली की दारात आलेले दुर्वास तिला कळले नाहीत. आमच्या शकुंतलेच्या बाबतीत गढून जायचं काम प्रवाशांकडे असे. तिची वाट पाहता पाहता फलाटावर शेजारी कोण येऊन बसलं याचं भान राहत नसे. आता तीही बंद पडून कैक वर्षं झाली.

आमच्या गल्लीत हल्ली नवरे घरीच असतात, मुलं हिंजवडीत. अशा आईबापांसाठी संस्कृतात शब्द आहे का ते शोधत बसलो, नाही सापडला. मग ‘प्रोषितपुत्र’ असा एक घरीच बनवला आणि कौतुकानं हिला ऐकवला. ही डब्यात चिवडा भरत होती. म्हणाली, ‘‘असं बिमारीसारखं नाव कायले देता जी?’’

तो चिवडा घेऊन, दिवाळी करून पोरगा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सनं गेला. नाक्यावर मी तासभर त्याच्यासोबत उभा होतो. सकाळी साडेनऊला मोबाइल वाजला. मेसेज दोनच शब्दांचा, ‘घरी पोहोचलो.’ तिकडे त्याची भाड्याची खोली आहे, दोन मित्रांत मिळून. मास्तराला लगेच दिसलं की ‘प्र’ गळून पडलाय, नुसता ‘वास’ उरलाय. पण ते मी बोललो नाही, फक्त मेसेज वाचून दाखवला.

ही अंगणातली रांगोळी झाडत होती. हात थांबला.

‘‘कोन्त्या घरी?’’