यंत्रजुळणीचा शास्त्रोक्त विधी

घरच्या घरी गेमिंगचा संगणक जुळविणाऱ्या आजच्या तरुणाची कर्तव्यनिष्ठा पाहिली, की कुंडलीतले छत्तीस गुण जुळताच समाधान मानणाऱ्या आमच्या पूर्वजांच्या आळसाची लाज वाटू लागते; कारण ‘एएम५’ सॉकेटचा मदरबोर्ड ‘डीडीआर५’ वाचून अन्य रॅमला दारातही उभे करीत नाही, आणि कॅबिनेटची रुंदी न मोजता घेतलेला उंच कूलर काचेचे झाकण लागू देत नाही, अशा सूक्ष्म बाबींचा छडा लावण्यासाठी हा तपस्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गाळ्यागाळ्यांतून दरपत्रके गोळा करीत हिंडतो, आणि निर्णय होण्याच्या सुमारास पार्टांची पुढली पिढी बाजारात अवतरल्यामुळे सारी मिसल नव्याने उघडतो. २०२५ च्या आरंभी आलेले ‘आरटीएक्स ५०९०’ हे ग्राफिक्स कार्ड एकटेच ५७५ वॅटपर्यंत वीज प्राशन करते. घरचा फ्रीज त्याच्या पासंगालाही पुरत नाही. रॅमच्या पट्ट्यांना मात्र रंगीत दिवे हवेतच. दिव्यांनी वेग वाढतो हे तत्त्व एकदा मान्य झाल्यावर, कचेऱ्यांतील दप्तराच्या कपाटांना काचेची दारे व जांभळी रोषणाई बसविण्याचा हुकूम सरकारने अद्याप का काढला नाही, हे आम्हांस उमगत नाही.

आमच्या शेजारच्या चिरंजीवांनी ‘अभ्यासोपयोगी यंत्र’ या सदराखाली सादर केलेले भरभक्कम अंदाजपत्रक तीर्थरूपांनी बरेच दिवस तहकूब ठेवले होते. परवा दुकानात त्या पट्ट्यांची लुकलुक दृष्टीस पडताच त्यांनी ते जागच्या जागी मंजूर केले, आणि खर्च गणपतीच्या आरासीच्या खाती टाकला.