युतुखाचा पाळक

उपदेशाच्या मध्यावर, श्रोत्यांच्या अंतःकरणावर आपली पकड पुरती बसली आहे अशी खात्री होताच, मी जो एक विराम घेतो, त्याच्या सिद्धतेसाठी खर्ची घातलेला काळ जर प्रार्थनेत व्यतीत केला असता, तर एव्हाना माझी गणना साधुसंतांत झाली असती. हा विराम साधा नव्हे. त्यासाठी आधीचे वाक्य उंच स्वरात चढवून शेवटच्या पदावर अलगद उतरवावे लागते, उजवा हात छातीच्या उंचीवर अधांतरी ठेवावा लागतो, दृष्टी मागच्या भिंतीवरील घड्याळाच्या किंचित वर स्थिर करावी लागते (घड्याळावर नव्हे, घड्याळाकडे पाहणारा पाळक संपला), आणि मग मंडळीतले एखादे तान्हे मूल रडू लागण्यापूर्वीच ‘प्रायश्चित्त’ हा शब्द त्यातील यच्चयावत जोडाक्षरांसह उच्चारावा लागतो. घरी कपाटाच्या आरशासमोर याची तालीम चालू असता स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज येतो, “अहो, पश्चात्ताप झाला असेल तर गॅस बंद करा, दूध उतू चाललंय.” संदेष्ट्याला स्वदेशात मान मिळत नाही हे शास्त्रवचन मला अशा वेळी फार सांत्वनपर वाटते.

तर असा हा विराम मी घेतो, सभागृहात अपेक्षित नीरवता पसरते, आणि त्या नीरवतेत खिडकीजवळच्या रांगेतून संथ, तृप्त आणि लयबद्ध असा घोरण्याचा आवाज ऐकू येतो.

तरुण संघाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे झोपणारे बहुधा माझ्या ताब्यातले असतात, आणि त्यामुळे त्यांच्या झोपेचा जाबही मलाच विचारला जातो. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. कचेरी सुटली, तरी भाषा सुटलेली नाही. त्यांनी एका सभेत पुढील मसुदा सादर केला: ‘तरुण संघाचे काही सभासद उपासनेच्या ऐन वक्ती निद्रावश झालेले वारंवार नजरेस येत असून, सबब सदरहू सभासदांस प्रथम तोंडी समज व तदनंतर लेखी ताकीद देण्यात यावी, आणि त्याउपर कसूर झाल्यास त्यांची नावे वार्षिक अहवालात दाखल करावीत.’ ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदकही मिळाला. मात्र सही घेण्यापूर्वी अनुमोदकास हलवून जागे करावे लागले.

हा ठराव तहकूब व्हावा म्हणून मी प्राणपणाने भांडलो. तरुणांचा कैवार घेणारा पाळक अशी जी माझी ख्याती त्या दिवशी झाली ती मी नाकारली नाही. पण आतली गोष्ट निराळी होती. माझ्या उपदेशाच्या वेळी अमुक इतकी माणसे झोपतात हे जर अहवालात दाखल झाले, तर तो अस्सल दस्तऐवज कोणाविरुद्ध पुरावा ठरेल, हे ओळखण्याइतकी व्यवहारबुद्धी परमेश्वराने मला दिली आहे. म्हणून मी उभा राहिलो आणि युतुखाचा दाखला दिला.

युतुखाविषयी बोलू लागलो की मला आवरता येत नाही, हे आमच्या संघातील मुलांना ठाऊक आहे. वाचकांनीही आता जाणून घ्यावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात हा तरुण येतो, आणि केवळ झोपल्यामुळे पवित्र शास्त्रात नाव कोरले गेलेला असा दुसरा सद्‌गृहस्थ माझ्या माहितीत नाही. त्रोवस नगरात, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, तिसऱ्या मजल्यावर मंडळी जमली होती. पौल दुसऱ्या दिवशी निघणार होता, म्हणून जे काही सांगायचे ते एका रात्रीत सांगून टाकावे असा त्याने चंग बांधला, आणि त्याचे भाषण मध्यरात्रीपर्यंत चालले. युतुख खिडकीत बसला होता. त्याला गाढ झोप लागली, तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, आणि लोकांनी त्याला उचलले तेव्हा तो मेलेला होता. पौल खाली गेला, त्याने त्याला कवटाळले आणि याच्यात प्राण आहे म्हणून लोकांना धीर दिला. एवढा अनर्थ आपल्या भाषणातून उद्भवल्यावर एखाद्या सामान्य वक्त्याने आभारप्रदर्शन उरकून मुक्कामाची वाट धरली असती. पौल पुन्हा वर गेला, त्याने भाकर मोडली, खाल्ली, आणि पहाट फुटेपर्यंत बोलत राहिला! विद्वान टीकाकार या प्रसंगात एक चमत्कार पाहतात. मला दोन दिसतात: एक, मुलगा जिवंत झाला, आणि दुसरा, खाली धावलेले श्रोते जिना चढून पुन्हा वर आले.

या कथेचा लेखक लूक त्या बैठकीला जातीने हजर होता आणि पेशाने वैद्य होता, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. त्या माडीवर पुष्कळ दिवे होते, हे त्याने विनाकारण लिहिलेले नाही. तेलाच्या दिव्यांनी कोंदलेली खोली, मध्यरात्रीचा प्रहर आणि न संपणारा वक्ता, इतके निदान करून वैद्य थांबतो. युतुखाला आळशी म्हणत नाही, त्याच्या आईबापांच्या संस्काराविषयी शंका घेत नाही, आणि आजकालच्या मुलांवर एक अवाक्षरही खर्च करीत नाही. आता तो मुलगा खिडकीतच का बसला, याविषयी शास्त्र मौन बाळगते, तेव्हा तिथे तर्क लढवण्याचा अधिकार माझा. मला वाटते, तो उशिरा आला असावा, कारण त्याला कामावरून उशिरा सोडले असावे. आणि तो मुद्दाम वाऱ्याला बसला असावा, कारण आपल्याला झोप येणार हे त्याला पक्के ठाऊक होते. ज्या मुलाला आपण झोपेशी हरला म्हणून ओळखतो, तो त्या रात्री तिच्याशी झुंजायलाच खिडकीत बसला होता, अशी माझी श्रद्धा आहे.

आमचा भाड्याचा हॉलही तिसऱ्याच मजल्यावर आहे. खाली स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. रविवारी पॉलिशची यंत्रे बंद असतात, एरवी मला पौलाहून मोठा आवाज लावावा लागला असता. आमच्या सर्व खिडक्यांना मात्र भक्कम ग्रिल आहे. कमिटीने तो खर्च चोराचिलटांच्या नावे मंजूर केला; मी मनातल्या मनात तो युतुखाच्या खाती मांडला.

विषयांतर चालूच आहे, तर आणखी थोडे. त्रोवसच्या त्या सभेच्या काळी रविवार सुटीचा नव्हताच. रोमन साम्राज्यात बादशहा कॉन्स्टंटाइनने सन 321 मध्ये तसे फर्मान काढले. तोवर विश्वासी लोकांना कामाच्या आगेमागेच जमावे लागे. आणि आमच्या मुंबईत, जिथे गिरणीकामगार आठवड्याचे सातही दिवस राबत, तिथे रविवारची सुटी मिळवून दिली ती कोणा मिशनरीने नव्हे. ठाण्यात जन्मलेल्या, जोतीरावांच्या सत्यशोधक पंथातल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली गिरणीकामगारांची संघटना उभारली, आणि 10 जून 1890 पासून गिरण्यांना साप्ताहिक सुटी लागू झाली. रविवार हा खंडोबाचाही वार. तेव्हा जेजुरीचा भक्त आणि माझ्यासारखा पाळक हे दोघेही लोखंड्यांचे सारखेच ऋणी आहेत. ही गोष्ट मी व्यासपीठावरून सांगतो तेव्हा सेक्रेटरीसाहेब चष्मा काढून पुसतात, म्हणजे त्यांची नापसंती आहे असे समजावे. परंतु हा लोखंडी रविवार आता आमच्या मुलांच्या हातून निसटत चालला आहे. कोणी मॉलमध्ये विक्रेता आहे, कोणी इस्पितळात परिचारिका, कोणी घरोघरी जेवण पोचवतो. आठवडी रजा मंगळवारी, नाहीतर मुकादमाच्या मर्जीनुसार.

मी स्वतः आठवडाभर एका खासगी कचेरीत नोकरी करतो, कारण तरुणांच्या पाळकाला मंडळी मान देते आणि पगार प्रभूवर सोपवते. त्यामुळे भाईंदरहून सकाळची लोकल मलाही चुकलेली नाही, आणि लोकलमध्ये माझ्या अहंकाराला निराळेच धुमारे फुटतात. त्याला कारण रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी जी गीते दिली ती आजही आमच्या हॉलमध्ये गाइली जातात. या हकिकतीतला टिळक होण्याची माझी पात्रता नाही हे मला मान्य आहे. पण तो सहप्रवासी होण्यास काय हरकत आहे? म्हणून मी खिशात छोटा नवा करार बाळगतो, आणि उद्याचा महाकवी कोपऱ्यात उभा असेल तर त्याच्या नजरेस पडावा अशा बेताने तो हातात धरतो. तथापि विरारहून भरून आलेल्या गाडीत ज्याचा एक हात कडीला आणि दुसरा पाकिटावर आहे, त्याने पुस्तक घ्यावे कशाने? टिळकांच्या सहप्रवाशाने दोन वर्षांनंतरचे भाकीत केले आणि ते खरे ठरले, मला फक्त “बोरिवली उतरणार का?” एवढेच विचारतात, आणि मी दिलेले होकारार्थी भाकीत गर्दीमुळे पुष्कळदा कांदिवलीला जाऊन पूर्ण होते.

त्या गाडीच्या दारात मात्र मला रोज युतुख दिसतात. इथे थट्टा थोडा वेळ बाजूला ठेवतो. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गच्च भरलेल्या लोकल एकमेकींना ओलांडून जात असता दारातली माणसे रुळांवर पडली आणि त्यांतली काही गेली. पुढे आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या घोषणा झाल्या, त्या अमलातही येवोत, परंतु त्या आठवड्यात सुस्थित घरांतल्या सुस्थित खुर्च्यांतून जे एक वाक्य मी पुनःपुन्हा ऐकले, “दारात उभं राहावंच कशाला माणसानं?”, त्याचा संताप माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. आत जागा नव्हती म्हणून उभा राहिला. कामावर वेळेत पोचायचे होते म्हणून उभा राहिला. युतुख खिडकीत का बसला हे लूकने विचारले नाही, पौलाने विचारले नाही. पौल बोलणे अर्धे टाकून तीन मजले उतरून खाली गेला आणि त्याने त्या मुलाला उराशी धरले. पौलाच्या साऱ्या पत्रांवर पाळकांनी ग्रंथ लिहिले आहेत. मला त्याचे हे जिना उतरणे त्या ग्रंथांहून मोठे वाटते.

आता त्या खिडकीजवळ घोरणाऱ्याकडे वळतो. तो भिवंडीच्या एका गोदामात रात्रपाळी करतो. पहाटे कंपनीची बस त्याला काशिमीऱ्याच्या नाक्यावर सोडते, तिथून शेअर रिक्षाने तो थेट उपासनेला येतो, बॅग मांडीवर घेतो आणि पहिले गीत संपायच्या आत अंतर्धान पावतो. ठराव तहकूब झाल्यावर मी त्याला गाठले.

“सलाम, पास्टर.”

“सलाम. अरे, एवढा थकतोस तर घरी जाऊन का नाही झोपत?”

“घरी कुठं झोपायला मिळतंय? रविवारी सकाळी पाणी येतं. एक खोली, ड्रम भरायचे असतात, दोन्ही पुतणे टीव्ही लावतात. इथं कुणी ऊठ म्हणत नाही.”

मी गंभीरपणे मान हलवली. एवढ्यावर त्याने थांबायला हवे होते. पण आमच्या संघातली मुले सत्यवचनी आहेत, हा माझ्याच शिकवणुकीचा परिणाम.

“आणि खरं सांगू का, पास्टर, तुमचा आवाज चालू असला की झोप फार छान लागते. मोठ्या पाळकसाहेबांच्या वेळी नाही लागत. फक्त तुम्ही मधेच एकदम थांबता ना, तेव्हा दचकून जाग येते. मग वाटतं, ठाणं आलं की काय.”

ज्या विरामासाठी मी आरसा झिजवला, त्याची फलश्रुती ही! या साक्षीची शहानिशा करावी म्हणून मी दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये माझ्याच एका उपदेशाचे ध्वनिमुद्रण कानाला लावून बसलो. प्रारंभ उत्तम होता. शब्दकळा प्रासादिक होती. मीरा रोड गेल्याचे स्मरते. दहिसरचे स्मरत नाही. ‘प्रायश्चित्त’ शब्दाआधीच्या त्या सुविख्यात शांततेत मला खाडकन जाग आली, आणि शेजारचे गृहस्थ माझे डोके आपल्या खांद्यावरून अदबीने बाजूला करताना दिसले. मुलाची साक्ष शब्दशः खरी होती.

तेव्हापासून मी विराम सोडून दिला आहे. आता मी एका पट्टीत, संथपणे, स्वल्पविरामाखेरीज कुठेही न थांबता बोलतो. एखाद्या कलावंताला स्वतःच्या हाताने आपली सर्वोत्कृष्ट जागा गाळावी लागते तेव्हा त्याच्या जिवाची काय तडफड होते, ते मी इथे वर्णन करीत नाही. माझ्या या त्यागाची मात्र मंडळीत कोणालाच खबर नाही, ही गोष्ट मला अतिशय बोचते, आणि हा लेख लिहिण्यामागे तेही एक कारण असणे शक्य आहे. सेक्रेटरीसाहेबांचा अभिप्राय पडला की, पाळकांच्या उपदेशातला पूर्वीचा जोम लोपला आहे, सबब त्याचा अवधी निम्म्यावर आणावा. आणि तशा अर्थाचा ठराव पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्यांनी घेतलाही आहे. मी त्याला कडाडून विरोध करणार आहे, इतकेच नव्हे तर अवधी वाढवून मिळावा अशी रीतसर उपसूचना मांडणार आहे. मंडळी याचे खापर माझ्या अहंकारावर फोडील, आणि मंडळी बव्हंशी बरोबर असेल. पण रात्रभर खोकी उचलून आलेल्या माणसाला पाऊण तासाची झोप मुळातच अपुरी पडते.