मर्यादा सोडलेली मर्यादवेल

गुहागरच्या वाळूत चपला हातात घेऊन चालताना मामेभाऊ म्हणाला, "ही बघ मर्यादवेल. समुद्र हिच्यापुढे येत नाही." एवढ्या मोठ्या समुद्राला ही जमिनीवर लोळणारी वेल 'इथवरच' म्हणून सांगते आणि घरात माझं टीव्हीचा रिमोटसुद्धा ऐकत नाही! मी जागीच तिचा भक्त झालो. एक वाळकं बोंड फोडलं, आतल्या चार लवदार, तपकिरी बिया खिशात टाकल्या आणि पुण्याला घेऊन आलो.

या बिया खाऱ्या पाण्यावर तरंगत समुद्र ओलांडतात आणि परक्या किनाऱ्यावर रुजतात. माझ्या कुंडीत मात्र तीन आठवडे ढिम्म. भावाला फोन केला. "कवच कडक असतं रे. कानशीनं घास आणि रात्रभर भिजत घाल." बिया उकरून काढल्या, घासल्या, भिजवल्या. ओट्यावर एका वाटीत मटकी, दुसरीत माझ्या बिया. सकाळी ही म्हणाली, "अहो, हे चार खडे मटकीतले का?" आणि वाटी कचऱ्याच्या डब्यावर उपडी होता होता वाचली.

चारांतल्या दोन रुजल्या. मग मी शेणखत घातलं, पेंड घातली, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. वेल अशी माजली की विचारू नका! गज ओलांडून ती खाली उतरली. तिचं पेर मातीला टेकलं की तिथं मुळं फुटतात. तशी ती खालच्या वहिनींच्या तुळशीच्या कुंडीत फुटली. वहिनी वर आल्या. नाव विचारलं. मी सांगितलं, "मर्यादवेल." त्या काही न बोलता खाली गेल्या.

पान मधोमध चिरलेलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसला १७५३ साली त्यात बकरीचा खूर दिसला आणि तेच नाव त्यानं वेलीला दिलं. आमच्या सोसायटीतल्या काकांना आपटा दिसला. दसऱ्याला त्यांनी माझ्याच वेलीची मूठभर पानं मला देऊन वर म्हटलं, "सोन्यासारखे राहा!"

फूल मात्र एकही नाही. पुन्हा फोन. "अरे, ती वाळूत उपाशी राहणारी बाई! तू तिला श्रीखंडपुरी वाढतोयस." मग खत बंद. तीन भाग वाळू, एक भाग माती, दिवसभर ऊन, आणि माती पार सुकल्यावरच पाणी. मीही थोडा रुसलोच होतो. उन्हाळ्यात एका सकाळी जांभळट गुलाबी कर्णा उमलला, घशाशी जरा गडद. सोसायटीला आमंत्रण दिलं. लोक जेवणं आटोपून आले, तोवर फूल मान टाकून मिटलेलं. ते सकाळीच काय ते.

परवा भावाचाच फोन आला. त्याच्या शेजाऱ्यानं पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाळूची टेकाडं सपाट केली, वेल उपटली. यंदाच्या पावसाळ्यात भरतीनं तिथली दोन सुरूची झाडं नेली. आता कुठं मला नावाचा अर्थ कळला. वेल समुद्राला अडवत नाही. ती मोठ्या भरतीच्या रेषेवर उगवते आणि वाळू धरून ठेवते. अडवायचं काम वाळू करते.

तेव्हा कुंडीत लावा न लावा, पण किनाऱ्यावर गाडी घालताना ही वेल दिसली, तर कृपा करून तिच्या अलीकडेच थांबा.