बंदीचे दोन महिने

टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. गोळ्या रोज घ्यायच्या, खाडा करायचा नाही. गोळ्या फुकट मिळतात आणि त्यांनी माणूस बरा होतो. पण हा कोर्स आखताना रुग्ण रोज रात्री एकाच घरी झोपतो असे धरलेले आहे. रायगड जिल्ह्यातल्या मोरा आणि करंजा बंदरांत खलाशाची रात्र पाण्यावर जाते.

बोट एकदा बाहेर पडली की ट्रिप आठ-आठ, दहा-दहा दिवसांची. केबिनमध्ये खांद्याला खांदा लावून माणसे झोपतात. एकाला टीबी असेल तर सगळ्यांची छाती तपासावी लागेल, इतकी ती जागा कोंदट. शिवाय कोर्समधल्या रिफाम्पिसीनने लघवी लालसर-नारिंगी होते. त्यात धोका काही नाही, पण बोटीवर आडोसा कुठला? दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतोच, ‘रक्त जातंय का रे?’ मग खरे सांगून पुढच्या ट्रिपला किनाऱ्यावर राहायचे, नाहीतर गोळ्यांची पाकिटे पिशवीच्या तळाशी ढकलायची. कोर्स सुटतो तो असा. आणि दवाखान्याच्या नोंदीत त्या माणसाला बेफिकीर ठरवले जाते.

सोबत एचआयव्ही असेल तर गाठ आणखी घट्ट. रिफाम्पिसीन चालू असताना एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राविरचा जोर कमी पडतो, म्हणून तीच गोळी बारा तासांनी पुन्हा घ्यावी लागते. म्हणजे दिवसातून दोनदा लपवाछपवी. या रुग्णाला दोन्ही आजारांची औषधे एकाच ठिकाणी, एचआयव्हीच्या एआरटी केंद्रात मिळावीत हे धोरण चांगले आहे. पण ते एक ठिकाण किती लांब, हा प्रश्न धोरणाने सोडवलेला नाही. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. त्यासाठी करंज्याहून रेवसची लाँच आणि पुढे एसटी, नाहीतर पेणवरून वळसा. मुंबईला जायचे तर मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच, आणि ओहोटीला गाळामुळे तीही थांबते. जानेवारी २०२४मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. त्याचे एक टोक चिर्ल्याजवळ, दुसरे शिवडीत, म्हणजे मुंबईच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या भागातच. त्या पुलावर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत. ज्याची मजुरी रोजची आहे त्याने शिवडी गाठायची कशी?

 

कोर्स सुटण्यावर उपाय आहे, आणि तो समुद्राच्याच वेळापत्रकात आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ६१ दिवस. टीबीचा पहिला, जास्त गोळ्यांचा टप्पाही दोन महिन्यांचाच. मेच्या शेवटच्या आठवड्यात बोटी धक्क्याला लागतात तेव्हाच खोकणाऱ्याची थुंकी तपासा. ट्रूनॅटचे यंत्र बॅटरीवर चालते, गोव्याच्या कंपनीने बनवलेले आहे आणि तास-दोन तासांत निकाल देते. ते जेटीवर आणता येते. ज्याला टीबी निघेल त्याचा कोर्स तिथल्या तिथे सुरू करा, त्याला एचआयव्ही तपासणी गुपचूप आणि त्याच्या संमतीने करून द्या. ऑगस्टात बोट निघेल तेव्हा औषध लागू पडलेला माणूस इतरांना लागण करण्याच्या अवस्थेतून बाहेर आलेला असेल. थुंकी पुन्हा तपासून खात्री करायची आणि पुढच्या ट्रिपच्या गोळ्या, वर चार दिवसांच्या जादा, हातात द्यायच्या. परगावचे खलाशी बंदीत घरी जातात हे खरे. म्हणूनच तपासणी त्यांनी गाडी पकडण्याआधी व्हायला हवी, आणि टीबी रुग्णांच्या निक्षय पोर्टलवरची त्यांची नोंद त्याच दिवशी गावाकडच्या केंद्राकडे जायला हवी.

माणसे शोधायची कुठे, ही सबब चालणार नाही. २६/११च्या मुंबई हल्ल्यानंतर खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रे दिली गेली. बोटीवर कोण आहे हे सुरक्षेसाठी माहीत असायलाच हवे, हे सरकारला पटले आहे. त्याच माणसाच्या फुप्फुसासाठी तेवढी तत्परता दाखवा.

आणि हे करणार कोण? आशाताईच. टीबीच्या रुग्णाचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून घेतला की गोळ्या देणाऱ्याला मानधन एक हजार रुपये, असा वर्षानुवर्षांचा दर. दिवसाला साडेपाच रुपये. कोळीवाड्यात तोंड उघडायचे नाही, घरच्यांना संशय येऊ द्यायचा नाही, पहाटे धक्क्यावर हजर राहायचे, आणि त्याचे साडेपाच रुपये! हैतीतल्या कांज गावात डॉक्टर पॉल फार्मर यांच्या संस्थेने एचआयव्ही आणि टीबीच्या रुग्णांना रोज घरी गोळ्या देणारे शेजारी नेमले, पण त्या शेजाऱ्यांना कामाचे पैसे दिले. तिथे गरिबी आपल्याहून मोठी होती.

रुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४पासून महिना ५००ची १,००० झाली, ते योग्यच झाले. तसाच दर गोळ्या देणारीचाही वाढवा. टीबीमुक्त भारताचे ठरवलेले साल २०२५ होते; आता आणखी उशीर नको. जेटीवरच्या पहिल्या तपासणीसाठी तालुका आरोग्य अधिकारी, मत्स्यव्यवसाय खाते आणि मच्छीमार सोसायट्या यांनी एका टेबलाशी बसावे. तारीख मेचीच हवी; जूनमध्ये अर्धे खलाशी घरी गेलेले असतील.