फुफू उपासाला चालतं म्हणे!

अहो, ऐकलंत का? पुण्याच्या वहिनींच्या सासूबाईंनी एकादशीला काय खाल्लं ते? नाही? मग ठेवा ती पाण्याची नळी खाली आणि जरा कुंपणाजवळ या. असं लांबून सांगण्यासारखं नाही ते.

ती गाडी तर तुम्हाला माहीतच आहे. आपल्या बीव्हर्टनच्या फूड कार्टवाल्या मैदानात, टाकोवाला आणि तो थाई मुलगा यांच्या मधली पिवळी. आधी तिथे वॉफलवाला होता, तो हिवाळ्यात गाशा गुंडाळून गेला. या पोर्टलंडात गाड्यांचं काही खरं नाही हो, डाउनटाउनचा ऑल्डर स्ट्रीटवरचा एवढा जुना अड्डा, तोसुद्धा २०१९ मध्ये टॉवरसाठी उठवलाच की. तर वॉफलवाल्याच्या जागी या घानाच्या बाई आल्या. सगळे त्यांना आंटीच म्हणतात. त्यांच्याकडेही मोठ्या बाईला आंटीच म्हणायची पद्धत, त्यामुळे आपली पंचाईत नाही.

आम्हाला पत्ता लागला तो ह्यांच्या टीममधल्या घानातल्या आक्राच्या मुलामुळे. इंटेलच्या कॅफेटेरियात कधी हूं की चूं न करणारा मुलगा, शनिवार आला की म्हणे सकाळी सकाळी पळत सुटतो, कारण ते ‘वाचे’ संपतं. म्हटलं, असं काय असतं बाई त्यात? तर भात आणि चवळी! एकत्र शिजवलेली. पण शिजताना त्यात ज्वारीची वाळलेली पानं टाकतात, म्हणून भाताला तांबूस रंग येतो. रंग उतरला की पानं काढून टाकायची. मग त्यावर शितो नावाची काळी चटणी, कसाव्याचा भाजका रवा, उकडलेलं अंडं आणि वर, हसू नका, चमचाभर स्पॅगेटी!

पहिल्यांदा गेलो त्या दिवशी आम्ही सगळ्याच होतो. पुण्याच्या वहिनींनी असं नाक मुरडलं… ‘भातावर स्पॅगेटी? याला काय जेवण म्हणायचं?’ आंटी समोर उभ्या, मराठी कळत नसलं तरी नाक कळतंच की. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात नागपूरच्या ताई काय म्हणाल्या माहितीये? ‘काहो वहिनी, तुमच्या पुण्याच्या मिसळीत पोहे, बटाट्याची भाजी, फरसाण आणि वर शेव, ते चालतं ना?’ वहिनींचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी मोबाइल काढला आणि उगाच काहीतरी बघत बसल्या.

या नागपूरच्या ताईंचं तर त्या गाडीशी सूतच जुळलंय. आंटींनी लाल सरबताचा ग्लास पुढे केला, सोबोलो म्हणतात त्याला, आलं-लवंग घातलेलं. ताईंनी एक घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी! म्हणाल्या, ‘अगं, ही तर आपली अंबाडीची बोंडं!’ त्यांच्या आजोळी शेताच्या बांधाला लाल अंबाडी असायची म्हणे, तिचं सरबत, चटणी… जाऊ दे, तो विषय निघाला की त्या थांबत नाहीत.

तर काय सांगत होते? हां, सासूबाई. त्या कोरेगावच्या, साताऱ्याकडच्या. सहा महिन्यांसाठी आल्यात आणि सून त्यांना घरी चीज-सॅलड खाऊ घालते. (हे मी नाही, त्याच म्हणाल्या.) वहिनींना त्यांना गाडीवर न्यायचंच नव्हतं. पण नात हट्टाला पेटली, आणि कोपऱ्यावरचे काका निघालेच होते. ते हो, राहुरीच्या कृषी विद्यापीठात जन्म घालवलेले. त्यांच्याबरोबर सगळे गेले. आणि नेमकी एकादशी!

सासूबाई म्हणाल्या, मी नुसती बसते, तुम्ही खा. मग शेजारच्या टेबलावर आलं फुफू. मोठा वाडगा, त्यात गुळगुळीत पांढरा गोळा आणि भोवती दाटसर तांबडी आमटी. म्हातारीनं विचारलं, ‘ह्यात काय असतं गं?’ नातीनं आंटींना विचारलं. आंटी म्हणाल्या, कसावा आणि कच्चं केळं. तिकडे उखळात कुटतात म्हणे, एक जण मुसळ घालणार आणि दुसरी खाली बसून हातानं गोळा फिरवणार. बोटं कशी शाबूत राहतात कोण जाणे! इथे गाडीत कुठलं आलंय उखळ, त्या मिक्सरमधून काढून गॅसवर लाकडी उलथन्यानं घोटतात.

‘कसावा म्हणजे?’ सासूबाईंनी विचारलं. आणि काकांना तेवढंच हवं होतं. ‘अहो, त्याच कंदाचा साबुदाणा होतो. आपल्याकडे तमिळनाडूत सेलमला होतो ना, तोच.’

झालं! सासूबाई ताठ बसल्या. ‘म्हणजे साबुदाणा आणि केळं. आणि ती आमटी?’ शेंगदाण्याची! दाणे भाजून, वाटून, पातळ करून उकळायचं, तेल वर तरंगलं की झालं. ‘अगं, मग हा तर उपासाचाच फराळ की! दाण्याची आमटी नि साबुदाणा!’ वहिनी म्हणतायत, ‘आई, त्यात कोंबडी आहे, कांदा आहे, टोमॅटो आहे…’ पण ऐकतंय कोण. सासूबाईंनी निकाल दिला, टोमॅटो फळ आहे. कांदा आणि कोंबडी नको म्हणावं.

आता नातीनं जाऊन आंटींना सांगितलं, विदाऊट अनियन. अहो, आंटींचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! कांद्याशिवाय सूप? कमरेवर हात ठेवून त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, म्हातारीनं त्यांच्याकडे. मग पोरीनं समजावलं, देवाचं आहे, फास्टिंग आहे. तशा आंटी एकदम विरघळल्या. चर्चला जाणारी बाई, देवाचं म्हटलं की पुढे बोलणंच नाही. छोटं पातेलं चढवलं, दाण्याचा गोळा, मिरची, आलं, टोमॅटो, मीठ. बास.

आणि खायचं कसं? चमचा नाहीच. उजव्या हातानं लचका तोडायचा, आमटीत बुडवायचा आणि चावायचं नाही, सरळ गिळायचा! हे ऐकल्यावर सासूबाई काय म्हणाल्या असतील? ‘मग तर माझ्यासारखीसाठीच केलंय, कवळी काढून ठेवली तरी चालेल!’ आणि खरंच काढली हो, रुमालात गुंडाळली! सून इकडे लाजेनं लाल, कुणी ओळखीचं बघत नाही ना म्हणून माना वळवतेय, आणि सासूबाई बोटं चाटतायत. आंटी गाडीतून उतरून बाहेर आल्या, त्यांच्याशेजारी बसल्या. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी, पण गप्पा काय रंगल्यात…

मध्येच काकांना राहवेना. सासूबाईंना म्हणाले, ‘कसावा मूळचा ब्राझीलकडचा, शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतलाच. पोर्तुगीजांनी इकडे तिकडे नेला. ते नसते तर एकादशीला काय खाल्लं असतंत?’ सगळे गप्प. सासूबाईंनी घास गिळला आणि म्हणाल्या, ‘वरीचे तांदूळ.’ काकांची बोलतीच बंद!

पण पुढच्या शनिवारी काकांनी बदला घेतला बरं. सकाळी आंटी नाश्त्याला कोको करतात. नाही हो, चॉकलेटचा नाही! बाजरीची आंबवलेली पेज, त्यात आलं, लवंग, मिरी. तिच्याबरोबर चवळीचे वडे, कोसे म्हणतात. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, चांगली फेसून तळलेली. आपल्या मेदूवड्याच्या पिठाला फेसतो ना आपण, तस्संच. सासूबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि काय ऐट! ‘ही तर आपली बाजरीची आंबील. आपल्याकडूनच शिकले असतील.’

काका वाटच बघत होते. म्हणाले, ‘उलटं आहे. बाजरी मूळची पश्चिम आफ्रिकेतली. मालीमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीची पेरलेली बाजरी सापडलीय. आपल्याकडे ती नंतर आली. चवळीही आफ्रिकेतलीच, आणि ज्वारीही, फक्त ती पूर्वेकडची, सुदानच्या बाजूची.’ अहो, म्हातारीचा चेहरा काय पडला! जन्मभर बाजरीची भाकरी थापलेली बाई. आपली भोगीची भाकरी, आपलं पिठलं… २०२३ साली मिलेट वर्ष झालं, तेव्हा टीव्हीवर सगळे आपलीच म्हणून मिरवत होते की नाही? आता ही परकी कशी? मला तर वाटलं, रडतील. पण बाई खमकी. थोडा वेळ वाटीकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, ‘असू दे. जन्म तिकडचा, नांदली आमच्याकडे. सासरचं आडनाव लागलं आता.’ वर आंटींचा हात धरून म्हणतात, ‘विहीण ना तुम्ही आमच्या!’ नातीला याचं इंग्रजी करता येईना.

हां, आणि ते भांडण! ते राहिलंच. मागच्या आठवड्यात एक नायजेरियन बाई आल्या, डोक्याला काय सुंदर बांधलेलं, रुबाब एकदम. आंटींचा जोलोफ खाल्ला. तो लाल भात हो, टोमॅटो-मिरचीतला. खाऊन म्हणतात, ‘छान आहे. पण हा जोलोफ नव्हे.’ शांतता! आंटींच्या हातातला डाव तसाच वर. आंटी सुवासिक तांदूळ वापरतात, जास्मिन नाहीतर बासमती, आणि नायजेरियात लांब दाण्याचा उकडा लागतो, खाली जरा लागलेला, धुराचा वास हवा. दोन्ही देशांचं यावरून कधीचं वाजतंय, इंटरनेटवर तर युद्धच म्हणतात. मी तर खुर्चीच पुढे सरकवली.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला एक सडपातळ मुलगा हळूच म्हणाला, मी सेनेगलचा आहे. एवढंच. दोघी गप्प! कारण मूळ मान त्यांचाच ना, तिकडच्या वोलोफ लोकांचा. त्यांच्या मासे-भाताला, चेबू जेनला, २०२१ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून घेतलंय. दोघींची तोंडं बघण्यासारखी झाली. मग कुणीतरी त्या इंग्रज शेफ जेमी ऑलिव्हरचं नाव काढलं. २०१४ मध्ये त्यानं जोलोफची रेसिपी दिली आणि त्यात कोथिंबीर नि लिंबाच्या फोडी घातल्या, अख्खी पश्चिम आफ्रिका त्याच्यावर तुटून पडली होती. ते नाव निघालं मात्र, दोघी एकदम एक झाल्या! हसता हसता आंटींनी पैसेच घेतले नाहीत त्या बाईंकडून.

पण मुख्य बातमी तर पुढेच आहे. जवळ या.

पुण्याच्या वहिनी. ज्यांनी नाक मुरडलं होतं त्या. हल्ली शनिवारी सकाळी ‘वॉकला जाते’ म्हणून निघतात, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर योगा मॅटची पिशवी. मॅट घरीच असते, पिशवीत असतात शितोच्या बाटल्या! भातावर, थालीपिठावर, अहो, दडप्या पोह्यांवरसुद्धा शितो! ती चटणी टिकतेही म्हणे महिनोन्‌महिने. घानात पोरं बोर्डिंग शाळेत जाताना ट्रंकेत बाटली भरून नेतात.

आणि शितोत काय असतं? आलं, कांदा, लसूण, मिरची, भरपूर तेल, काळं होईस्तोवर परतलेलं… आणि सुकी मासळी नि सुक्या कोलंबीची पूड! गाडीवर खडूनं स्वच्छ लिहिलंय. पण वाचायला नको? आणि यांच्या घरात अंडं येत नाही, माहितीये ना तुम्हाला!

मालवणच्या वहिनींनी वासावरून ओळखलं. परवा भिशीला बाटली उघडली तेव्हा म्हणाल्या, ‘अगो, ह्यात सुकट हा मगो!’ पुण्याच्या वहिनींचा घास तोंडातच. मी म्हटलं, आता ही उठणार, आता बाटली फेकणार. सगळ्या जणी श्वास रोखून… वहिनींनी हळूहळू घास गिळला. बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘सुकी आहे ना? ओली नाही ना?’ आणि आणखी एक चमचा घेतला!

आता ती बाटली त्यांच्या फ्रीजमध्ये आहे, वर चिठ्ठी चिकटवलीय, ‘खजूर-चिंच’. सासूबाईंनी काल ती भेळेवर घालायला मागितली म्हणे, तेव्हा काय तारांबळ… अगंबाई, दार वाजलं वाटतं त्यांचं. अहो, नळी उचला, नळी! काही नाही हो वहिनी, या टोमॅटोंना यंदा कीड फार, तेच सांगत होते!