न बिघडणाऱ्या गाडीचे काय करावे?

मराठी मध्यमवर्गापुढे सध्या एक कौटुंबिक पेच उभा आहे, तोही थेट पार्किंगमध्ये. २०१०च्या सुमाराची डिझेल इनोव्हा. वेळच्या वेळी ऑइल बदललेली, टायमिंग बेल्ट मुदतीआधी घातलेली, सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या. ती पहिल्या चावीला सुरू होते, पीयूसी एका फेरीत मिळवते आणि सात माणसे, शिवाय गणपतीचे सामान घेऊन निमूटपणे घाट चढते. थोडक्यात, तिच्या मालकाला ती बदलायचे एकही कारण देत नाही, आणि हाच तिचा अक्षम्य अपराध आहे. तिकडे शोरूमच्या काचेआड त्याच घराण्यातली हायक्रॉस उभी आहे: वर काचेचे मोठे छत, मधल्या रांगेत बटण दाबताच पाय पसरून देणाऱ्या खुर्च्या. बिघडलेली गाडी विकायला फार विचार करावा लागत नाही. धडधाकट गाडी विकायला मात्र तत्त्वज्ञान लागते, आणि ते शोरूममध्ये चहाबरोबर फुकट मिळते.

या तत्त्वज्ञानाचे पहिले सूत्र म्हणजे अ‍ॅव्हरेज. हायक्रॉसच्या हायब्रिड आवृत्तीला कंपनी लिटरमागे २३ किलोमीटरहून थोडे जास्त सांगते. आपण उदार होऊ आणि तो आकडा जसाच्या तसा मान्य करू. वर्षाला १० हजार किलोमीटर धावणे, डिझेल ९० रुपये, पेट्रोल १०४ रुपये आणि जुनीला लिटरमागे ११ किलोमीटर धरले, तर जुनी वर्षाला साधारण ८२ हजारांचे डिझेल पिते आणि नवी ४५ हजारांचे पेट्रोल. बचत ३७ हजार. आता हायब्रिडसाठी ३० लाख मोजावे लागतील असे धरा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला लागणारा १३ टक्के वाहनकर, विमा आणि कर्जाचे व्याज लाजेखातर बाजूला ठेवू. एवढ्या सवलतीनंतरही किंमत वसूल व्हायला ८० वर्षे लागतात. पहिल्या १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, या हिशेबाने त्या मुदतीत आरटीओच्या १३ वाऱ्या होतील. एक्सचेंजमध्ये जुनीचे काही लाख आले, तर एक-दोन वाऱ्या वाचतील. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे. ती त्याहून बऱ्याच जास्त टिकू शकते, हे खरे. पण ८० वर्षांचे आश्वासन अजून निवडणुकीच्या जाहीरनाम्यातही कोणी दिलेले नाही.

दुसरे सूत्र प्रगतीचे. नवी रचना म्हणजे अधिक चांगली रचना, असे आपण शाळेपासून मानत आलो. इथे नव्या रचनेने नेमके काय केले ते पाहा. जुन्या इनोव्हाची ख्याती ज्या तीन गोष्टींवर उभी होती, म्हणजे ट्रकसारखी शिडीची चासी, मागच्या चाकांना मिळणारी ताकद आणि डिझेल इंजिन, त्या तिन्ही हायक्रॉसमध्ये नाहीत. प्रवास त्यामुळे अधिक शांत आणि मऊ होतो, यात वाद नाही. पण ही अदलाबदल सर्वांना मान्य होईल यावर खुद्द कंपनीचाही भरवसा नसावा. २०२२च्या अखेरीस हायक्रॉस सादर झाली आणि २०२३ मध्ये जुन्या बांध्याची डिझेल इनोव्हा क्रिस्टा पुन्हा आणून तिच्या शेजारी उभी केली गेली. आपल्या नव्या मालाविरुद्ध याहून सभ्य साक्ष कोणता कारखानदार देईल? (२००५ मध्ये मात्र जोरात खपणारी क्वालिस बंद करूनच इनोव्हा आणली होती.) आणि पाय पसरायच्या खुर्च्यांचे म्हणाल, तर मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. तेवढ्या काळात इनोव्हाच्या दोन नव्या पिढ्या येऊन गेल्या. त्या रस्त्यावर सुखाने झोपायचे असेल, तर बदलायची वस्तू गाडी नव्हे.

एक आक्षेप मात्र थट्टेवारी नेता येत नाही: सुरक्षितता. त्या काळच्या इनोव्हाच्या साध्या आवृत्त्यांत एअरबॅगही नव्हत्या. हायक्रॉसच्या वरच्या आवृत्त्यांत सहा आहेत, आणि २०२५ मध्ये भारत एनकॅपने तिला पाच तारे दिले. हा फरक खराच आहे, आणि सर्व्हिसिंग कितीही चोख केले तरी तो भरून निघत नाही. पण शोरूममध्ये कान देऊन ऐका. ‘सनरूफ कुठल्या मॉडेलपासून?’ हा प्रश्न आधी येतो; एअरबॅगा सेल्समनला स्वतःहून मोजून दाखवाव्या लागतात. शिवाय मागचे सीटबेल्ट जुन्या गाडीतही आहेत. ते सीटच्या फटीत रुतून बसले आहेत आणि त्यांच्यावर गेल्या दिवाळीची चकली सांडलेली आहे. जो गृहस्थ फुकटची सुरक्षितता फटीतून वर काढत नाही, तो ३० लाखांची सुरक्षितता विकत घ्यायला निघाला आहे असे म्हणताना, निदान त्याच्या बायकोने हसू नये.

राहिले सरकार. दिल्लीत डिझेल गाडीचे वय दहाव्या वर्षी संपते असा दंडक घातला गेला, आणि ती हवा महाराष्ट्रातल्या चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत ‘आपल्याकडेही बंद होणार’ अशी झाली. जुने डिझेल इंजिन जास्त काजळी सोडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण काजळी नळीतून मोजायची असते, कॅलेंडरातून नव्हे. नाहीतर कधीच सर्व्हिसिंग न झालेली सहा वर्षांची गाडी निर्दोष आणि पंधरा वर्षे सांभाळलेली गुन्हेगार ठरते. महाराष्ट्रात हा पेच कायद्याने निदान आज तरी सोडवला आहे. १५ वर्षे झाली की गाडी आरटीओत न्यायची, तपासणी करून घ्यायची, नूतनीकरणाचे पाच हजार आणि वर पर्यावरण कर भरायचा. मिळणारी मुदत पाच वर्षांची असते. नव्या गाडीचे कर्ज सात वर्षांपर्यंतचे मिळते.